मगदूम सरांचा तास

कुरुंदवाडच्या नदाफांच्या घरात कॉलेजात गेलेला ख्वाजा हा पहिलाच. त्याच्या आधी घरातल्या कुणी चौथीसुद्धा धड ओलांडली नव्हती. बाप लालासाब खांद्यावर पिंजण टाकून गावोगाव फिरायचा, लोकांच्या पडवीत बसून गाद्या-उशांचा कापूस पिंजायचा आणि संध्याकाळी डोक्यापासून पायापर्यंत पांढरा होऊन घरी यायचा. ख्वाजा मॅट्रिक झाला तेव्हा "पुढं काय?" असं गावात ज्यानं त्यानं विचारलं. घरात कुणी विचारलं नाही, कारण पुढं काय असतं हेच घरात कुणाला ठाऊक नव्हतं. हेडमास्तर म्हणाले, कोल्हापूरला जा. ख्वाजा गेला.

कॉलेजच्या ऑफिसात खिडकीपुढं ही गर्दी. पोरांचे बाप, चुलते, मामा बरोबर आलेले. ख्वाजा एकटाच. कारकुनानं मान वर न करताच विचारलं, "सेकंड लँग्वेज?"

ख्वाजाला प्रश्नच कळला नाही. त्याच्या शाळेत मराठी, हिंदी आणि इंग्रजी एवढंच होतं. तो नुसता बघत राहिला. कारकुनानं एकदा वर बघितलं, मग अर्जावरचं नाव बघितलं, "पर्शियन" असं स्वतःशीच पुटपुटत काहीतरी लिहिलं आणि शिक्का मारला. मागच्या माणसानं ख्वाजाला कोपरानं बाजूला केलं. बाहेर आल्यावर तो उतरला होता त्या मुस्लिम बोर्डिंगातल्या एका जुन्या पोराला त्यानं विचारलं तेव्हा कळलं, की पर्शियन म्हणजे फारसी. आपल्याला फारसी शिकायची आहे तर! त्याला वाटलं, असेल तसा नियम.

पहिले दोन दिवस खोल्या शोधण्यातच गेले. कोण कुठं जातंय, घंटा कशाची झाली, एका तासावरून उठून सगळे दुसरीकडं का पळतायत, काही पत्ता लागेना. शाळेत आपण एका जागी बसायचो आणि मास्तर बदलायचे. इथं सगळं उलटं. जिन्याजवळ कोट-टोपीतला एक माणूस उभा होता. ख्वाजानं आपला गावच्या रीतीनं विचारलं, "पावणं, फारशीचा वर्ग कुठं भरतोय वो?"

आजूबाजूला एकदम हसं झालं. तो माणूस इंग्रजीचा प्रोफेसर होता. तो नुसता चष्म्यातून बघत निघून गेला. पण त्या दिवसापासून ख्वाजानं ठरवून टाकलं, की या इमारतीत कुणाला काही विचारायचं नाही. बघायचं, आणि चार पोरं जातील तिकडं जायचं.

तिसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावर एका दारावर त्याला पाटी दिसली. प्रा. मगदूम. त्याचा जीव भांड्यात पडला. कुरुंदवाडात मगदूम होते की! मोहरमला पीर उचलायचा मान त्यांच्या घराचा. मगदूम म्हणजे आपल्यातलेच. मग फारसी दुसरं कोण शिकवणार? पोरं आत शिरत होती. ख्वाजा त्यांच्यामागून आत गेला आणि शेवटच्या बाकावर बसला.

सर आले. धोतर, काळा कोट, काळी टोपी. त्यांच्यामागून खाली मान घालून तीन मुली आल्या आणि पुढच्या बाकावर बसल्या. सरांनी फळ्यावर बाळबोध अक्षरांत शब्द लिहिले. ख्वाजा जरा चपापला. गावच्या मुल्लाचाचांकडं त्यानं कुराण वाचण्यापुरती अक्षरं गिरवली होती. फारसी तशाच अक्षरांत असते असं त्यानं ऐकलं होतं. मग त्याला वाटलं, आमच्यासारख्यांना सोपं जावं म्हणून सर आधी आपल्या लिपीत सांगत असतील. सर इंग्रजीत बोलत होते, आणि इंग्रजी ख्वाजाच्या कानावरून पाण्यासारखं वाहून जात होतं. पुस्तकं अजून दुकानात आली नव्हती. भाषेची सगळी ओळख सरांनी पहिल्याच दिवशी करून दिली होती, आणि ख्वाजा तेव्हा जिन्याजवळ फिरत होता. पोरं या तासाला नुसतं "मगदूम सरांचा तास" म्हणायची. म्हणजे शंका घ्यायला कुठंच जागा नव्हती.

आणि गंमत अशी, की सगळ्या कॉलेजात हा एकच तास त्याला कळायला लागला.

फळ्यावर 'हत्थ' लिहिलं की त्याला हात दिसायचा. 'दुद्ध' म्हणजे दूध, 'कण्ण' म्हणजे कान. इंग्रजीच्या तासाला, इतिहासाच्या तासाला तो आपला पावसात भिजणाऱ्या कोंबडीसारखा अंग चोरून बसायचा. इथं त्याची मान हळूहळू वर यायला लागली. एक दिवस सरांनी 'ण्हाण' असं लिहिलं आणि अर्थ विचारला. पुढच्या बाकांवरची शहरातली पोरं गप्प. ख्वाजाच्या तोंडून निघून गेलं, "न्हाणं, सर. आंघूळ."

"राइट!" सर म्हणाले. "कोण बोललं?"

ख्वाजा उभा राहिला. कुणी हसलं नाही. त्याच्या शेजारी बसणाऱ्या रुंद खांद्यांच्या पोरानं त्याच्या पाठीवर अशी थाप मारली, की तो बाकावर आदळलाच.

तो पोरगा आदगोंडा. शिरोळकडच्या एका जैन पाटलाचा मुलगा, जैन बोर्डिंगात राहणारा. त्याच्याही घरातला तो कॉलेजात आलेला पहिलाच, पण त्याला त्याचं काहीच नव्हतं. तो जिन्यात, व्हरांड्यात, लायब्ररीत सगळीकडं शेतात बोलावं तसा मोठ्यानं बोलायचा. दोघांची बोर्डिंगं दसरा चौकाच्या बाजूलाच, त्यामुळं येताना-जाताना सोबत झाली. ख्वाजाला वाटलं, चला, एवढ्या गर्दीत एक माणूस तरी आपल्या बोलीत बोलणारा मिळाला. आदगोंडानं त्याला घंटांचा हिशेब समजावून दिला, कुठल्या नळाचं पाणी गोड ते दाखवलं, कुठल्या सरांच्या तासाला मागं बसलं तरी चालतं ते सांगितलं. तू या वर्गात कसा, असं मात्र त्यानं कधी विचारलं नाही. ख्वाजानंही, जैनांची पोरं फारसी का शिकतायत, हे विचारलं नाही. कॉलेजात सगळंच अजब, त्यात हेही.

शनिवारी तो एसटीनं गावी गेला. पावसाळ्याच्या दमट हवेत पिंजलेला कापूस फुलत नाही, त्यामुळं लालासाब घरीच होता. आई मेहमुदानं भाकरी थापता थापता सगळं विचारून घेतलं: जेवायला काय असतं, झोपायला काय असतं, मास्तर मारतात का. बापानं एकच विचारलं, "फारशी येती का रं मग?"

"येती की," ख्वाजा म्हणाला.

लालासाबला हे एवढं पुरलं. तो उठला, दोन घरं सोडून राहणाऱ्या मुल्लाचाचांना बोलावून घेऊन आला. गावात फारसीची चार अक्षरं त्यांनाच काय ती येत. पडवीत घोंगडं टाकलं, चहा झाला. चाचा दाढीवरून हात फिरवत म्हणाले, "म्हण बघू काय शिकलास ते."

ख्वाजानं घसा साफ केला. "हाताला हत्थ म्हणत्यात. दुधाला दुद्ध. कानाला कण्ण."

चाचांचा हात दाढीवरच थांबला. "काय म्हणत्यात?"

"हत्थ."

"आरं, हाताला दस्त म्हणत्यात फारशीत! दुधाला शीर. कानाला गोश. हे कण्ण-फिण्ण कुठलं काढलंस? कोण शिकवतंय तुला?"

"मगदूम सर."

"कंचे मगदूम? मिरजंचे का?"

"म्हाईत न्हाय. धोतर नेसत्यात."

चाचांनी लालासाबकडं बघितलं. लालासाबनं ख्वाजाकडं बघितलं. मेहमुदा चुलीपुढून म्हणाली, "कोल्हापुरातली फारशी निराळी आसंल." चाचा चहाची बशी खाली ठेवून उठले. त्या रात्री ख्वाजाला झोप लागली नाही. आपण रोज ज्या तासाला जातो तो कशाचा तास आहे, हेच आपल्याला माहीत नाही, आणि हे सांगावं तरी कुणाला?

सोमवारी त्यानं धीर करून आदगोंडाला विचारलं. सरळ विचारायची लाज वाटली, म्हणून आडून विचारलं, "का रं, ह्या भाषेचं पुरं नाव काय म्हणायचं?"

"आर्धमागधी की!" आदगोंडा म्हणाला. "आमच्या धर्माच्या जुन्या पोथ्या हिच्यातच हायत न्हवं. का?"

"काय न्हाय. असंच."

आता काय करायचं? आज तास झाला की सरांना गाठायचं आणि खरं सांगून टाकायचं, असं ठरवून तो वर्गात गेला. पण सरांनी त्याच दिवशी हजेरीला सुरुवात केली. प्रवेश आता संपले होते. एकेकानं उभं राहून नाव सांगायचं, गाव सांगायचं. पाटील, चौगुले, मगदूम, पुन्हा पाटील, असं करत करत पाळी शेवटच्या बाकावर आली.

"ख्वाजा लालासाब नदाफ. कुरुंदवाड."

सरांनी टाक खाली ठेवला. वर्ग वळून बघायला लागला. आता हाकलतात, असं ख्वाजाला वाटलं. हाकललं असतं तर बरंच झालं असतं. पण सरांचा चेहरा उजळला होता. ते व्यासपीठावरून उतरून थेट त्याच्या बाकापर्यंत आले.

"तुम्ही मुसलमान?"

"व्हय, सर."

"आणि तुम्ही अर्धमागधी घेतलीत." सर आता मराठीत बोलत होते. ते वर्गाकडं वळले. "इतकी वर्षं मी शिकवतो आहे. लोक समजतात, ही एका समाजाची भाषा. अरे, ही या मातीतल्या माणसांची बोली होती. हे समजून घेऊन कुणीतरी बाहेरून आपणहून येईल, याची मी वाट पाहत होतो. बसा, नदाफ, बसा."

यादीत नाव नव्हतं ते सरांनी स्वतःच्या हातानं शेवटी लिहून घेतलं. ऑफिसला नंतर कळवू, म्हणाले. ख्वाजा बसला. त्याचे कान तापले होते. आदगोंडा त्याच्याकडं असा बघत होता, जसं काही ख्वाजानं मैदान मारलंय.

गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. व्हरांड्यात ओळख नसलेली पोरं त्याला "नमस्कार, नदाफ" म्हणायला लागली. मगदूम सरांनी प्रिन्सिपॉलसाहेबांना सांगितलं, असं कळलं. आदगोंडानं त्याला एका संध्याकाळी दिवस बुडायच्या आत आपल्या बोर्डिंगात जेवायला नेलं. तिथल्या पोरांनी त्याला मध्ये बसवून पुन्हा पुन्हा वाढलं. ख्वाजानं वाढलेलं सगळं खाल्लं. पण हे जेवण त्या ख्वाजाचं होतं, जो आपणहून आला होता. आणि तो ख्वाजा तर कुठं नव्हताच.

त्याच्या स्वतःच्या बोर्डिंगात निराळंच. तिथल्या एका वरच्या वर्गातल्या पोरानं त्याला विहिरीवर गाठलं. "आपली भाषा सोडून तिकडं कशाला मरायला गेलास?"

आपली भाषा म्हणजे कोणती? ख्वाजाच्या घरात आई-बाप बोलत ती निम्मी मराठी, निम्मी दखनी. फारसीतला एक शब्द त्याच्या आईला माहीत नव्हता. कापसाला ती कपास म्हणायची. आणि परवाच मगदूम सरांनी फळ्यावर 'कप्पास' लिहिलं होतं. हे त्या पोराला कसं सांगायचं? सांगितलं तर तो आणखीच चिडेल, असं वाटून ख्वाजा बादली घेऊन निघून आला.

लायब्ररीत एक दिवस पुस्तकाच्या खिडकीपुढं उभं असताना शेजारून आवाज आला, "एक विचारू?"

नंदिनी होती. मगदूम सरांच्या तासाला पुढच्या बाकावर बसणाऱ्या तिघींपैकी. शहरातल्या एका वकिलाची मुलगी. मुली सहसा मुलांशी बोलत नसत. चार डोळे लगेच इकडं वळले. ख्वाजा गडबडून म्हणाला, "विचारा की."

"तुम्ही अर्धमागधी का घेतलीत? सर सांगतात ते नको. तुमचं सांगा."

ख्वाजानं उलट विचारलं, "तुमी का घेतली?"

"वडील म्हणाले संस्कृत घे. म्हणून."

"म्हंजे?"

"म्हणजे मला त्यांनी सांगितलेलं घ्यायचं नव्हतं." ती हसली. "कारण काही फार मोठं नाही. पण माझं आहे." खिडकीतून तिचं पुस्तक आलं आणि ती गेली.

ख्वाजा तिथंच उभा. बापानं सांगितलेलं नाकारून दुसरं काही घ्यायचं, असं जगात असतं, हे त्याला आज कळत होतं. त्याच्या बापाला तर त्याला काय सांगावं हेही माहीत नव्हतं. त्याचं कारकुनानं ठरवलं, मग दारावरच्या पाटीनं ठरवलं, मग मगदूम सरांनी ठरवलं.

या सगळ्यात तो फारसीच्या वर्गाकडं फिरकला नव्हता. पण फारसीचा वर्ग त्याच्याकडं चालत आला. एका दुपारी खालच्या व्हरांड्यात एका म्हाताऱ्या प्रोफेसरांनी त्याला थांबवलं. पुणेरी पगडी, अंगावर उपरणं, हातात छत्री.

"तुम्हीच ना नदाफ? मी दत्तोपंत चिटणीस. फारसी शिकवतो."

ख्वाजा बघतच राहिला. फारसी शिकवणारे चिटणीस, पगडीवाले! आणि मगदूम... त्याचं डोकं गरगरलं.

"माझ्या यादीत तुमचं नाव आहे," चिटणीस सर म्हणाले. आवाजात राग नव्हता. "तीन नावं होती. दोन येतात. तिसऱ्याची मी वाट पाहिली. मग ऐकलं, की तुम्ही मगदूमांकडे जाता. जा, जरूर जा. पण आमच्या घरात सात पिढ्या फारसीची चाकरी झाली, राजेलोकांचे खलिते लिहिण्यात हयात गेली. आता ती शिकायला कुणी येत नाही. नदाफांचा मुलगा येतोय म्हणून बरं वाटलं होतं, एवढंच."

आणि मग ख्वाजाच्या तोंडून, इतके दिवस कुणाला न सांगितलेलं, सगळं बाहेर पडलं. तो कारकून, तो जिना, ती पाटी. "मला वाटलं सर, मगदूम म्हंजे आमच्यातलं. मी फारशी म्हणूनच जाऊन बसलो तिथं. आमचे मुल्लाचाचा म्हणाले तवा कळलं, ही फारशी न्हवं."

चिटणीस सरांनी डोळे बारीक केले. त्यांच्या पगडीला हिसके बसायला लागले. ते हसत होते, आवाज न करता, पोट धरून.

"अहो, मगदूम हा शब्दच मुळी माझ्या वर्गातला!" ते म्हणाले. "मखदूम. ज्याची लोक सेवा करतात तो. बादशाही अमलात कुणा जैन पाटलाच्या पूर्वजाला किताब मिळाला असेल, त्याचं झालं आडनाव. आणि नद्दाफ म्हणजे कापूस पिंजणारा. म्हणजे मगदूमांचं नाव माझ्याकडचं, तुमचं नाव माझ्याकडचं, आणि बसलात दोघं तिकडे!" त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. मग गंभीर होऊन म्हणाले, "पण मगदूमांना सांगितलंत का हे?"

"न्हाय सर."

"सांगा. मी सांगणार नाही. ते तुम्हीच सांगायला हवं."

ख्वाजा दुसऱ्या दिवशी मगदूम सरांच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिला. सरांनीच हाक मारली. "या नदाफ. प्रिन्सिपॉलसाहेब म्हणत होते, गॅदरिंगला तुमचा सत्कार..."

"सर, मी चुकून आलोय."

"कुठं?"

"तुमच्या वर्गात."

त्यानं सगळं सांगितलं. सांगताना तो सरांच्या टेबलावरच्या दौतीकडं बघत होता. बाहेर पोरं ओरडत जिना उतरत होती. सांगून झाल्यावर त्यानं वर बघितलं. सरांनी टोपी काढून टेबलावर ठेवली होती. टोपीविना ते एकदम निराळेच दिसत होते, बाजारला आलेल्या कुणा काकासारखे.

"आरं, मी समद्यांस्नी सांगून बसलो की रं," सर म्हणाले.

ख्वाजाला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. सर असं बोलतात?

"साहेबांना सांगितलं. पुण्याला माझ्या गुरुजींना पत्र घातलं. आता काय तोंड दाखवू?" त्यांनी डोकं खाजवलं. ते दुखावले होते, आणि ते लपवायचं कसं हे त्यांना कळत नव्हतं. ख्वाजाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"माफी करा सर. मी उद्यापास्नं येत न्हाय."

"आं? येत न्हाय कसा?" सर एकदम म्हणाले. मग स्वतःच दचकले, टोपी उचलून डोक्यावर चढवली, आणि त्यांची भाषा पुन्हा प्रोफेसरांची झाली. पण पुरती नाही. "हे बघ. मी नांदणीचा. आमच्या घरात अक्षरशत्रू सगळे. पुण्याला शिकायला गेलो तेव्हा मेसमध्ये वाटीतली आमटी भातावर घ्यायची असते हे मला माहीत नव्हतं. मी ती उचलून पिऊनच टाकली होती. ते असो. मला एक सांग. तुला ही फारसी नव्हे हे कळल्यावरसुद्धा तू घरचा अभ्यास करून आणत होतास. का?"

ख्वाजानं खूप विचार केला. खरं उत्तर कोणतं? सरांना वाईट वाटू नये म्हणून? आदगोंडा शेजारी असतो म्हणून? की फळ्यावरचा शब्द बघितला की आईचं बोलणं कानात येतं म्हणून?

"कळत न्हाय, सर."

"मग कळेपर्यंत थांब," सर म्हणाले. "फारसी घ्यायची तर फारसी घे. चिटणीस भला माणूस. इथं बसायचं तर इथं बस. ऑफिसचं मी बघतो. पण आता दुसऱ्या कुणी ठरवायचं नाही. सत्काराचं मी मोडतो."

पुढचे दिवस ख्वाजानं भ्रमिष्टासारखे काढले. जेवताना त्याला वाटायचं, फारसी घ्यावी, बाप खूश होईल, बोर्डिंगातली पोरं बोलायची थांबतील, त्या म्हाताऱ्या माणसाचा वर्ग भरेल. आंघोळीला बसला की न्हाणीतल्या दगडाकडं बघून 'ण्हाण' आठवायचं आणि मन पुन्हा फिरायचं. आदगोंडाला त्यानं खरं सांगितलं, तर तो रस्त्यात उभा राहून इतका हसला, की टांगेवाल्यानं घोडा थांबवला.

"येड्या, तू चुकून आलास, आनि मी? मला तर बानं सांगितलं, बोर्डिंगातली समदी पोरं घेत्यात ते घे. मला एक शब्द येत न्हाय. तुझ्याच वहीवर चाललंय माझं."

यानं ख्वाजाला हलकं वाटायला हवं होतं. तसं वाटलंही. पण तेवढ्यानं निर्णय काही झाला नाही. म्हणजे सगळेच असे कुठून कुठं आलेले असतात की काय? मग आपणच एवढं का घाबरतो?

अखेर त्यानं अर्धमागधीच ठेवली. का, ते त्याला नंतरही नीट सांगता आलं नसतं. मगदूम सरांना सांगितलं तेव्हा ते नुसतं "बरं" म्हणाले, पण फळ्याकडं वळून उगाचच फळा पुसायला लागले. गावी बापाला सांगायला तो मुद्दाम गेला. लालासाब पिंजणीच्या तातीला, त्या ताणलेल्या दोरीला, मेण लावत होता. त्यानं ऐकून घेतलं. "आपलीच जुनी भाषा हाय आब्बा," ख्वाजा म्हणाला.

"आपली म्हंजे कुणाची?" बापानं विचारलं. टोमणा नव्हता, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

ख्वाजानं खाली पडलेला मेणाचा तुकडा उचलून बापाच्या हातात दिला. लालासाबनं तात ओढून बघितली, टणत्कार केला. "शिक," तो म्हणाला. "मुल्लाला मी सांगतो."

राहिले चिटणीस सर. त्यांना न सांगताही चाललं असतं. ऑफिसानं यादीतून नाव काढलं असतं, एवढंच. पण ख्वाजाचे पाय आपोआप तिकडं वळले. खालच्या मजल्यावर, कोपऱ्यातल्या अरुंद खोलीत फारसीचा तास चालू होता. एक टेबल, एक बाक, बाकावर दोन मुलं. ख्वाजानं दारातूनच सांगितलं, "सर, मी तिकडंच राहायचं ठरवलं."

चिटणीस सरांनी पुस्तकात बोट घालून ते मिटलं. "सांगायला आलात. बरं केलंत. लोक न सांगताच जातात." मग बाहेर बघितलं. "आत्ता तुम्हाला दुसरा तास आहे?"

"न्हाय सर."

"मग बसा घटकाभर. आलाच आहात तर."

बाकावरची दोन मुलं सरकली. ख्वाजा टोकाला बसला. सरांनी पुस्तक उघडलं आणि वाचायला सुरुवात केली. ख्वाजाला अर्थ काहीच कळला नाही. पण म्हाताऱ्या सरांचा आवाज वर चढायचा, थरथरायचा, खाली यायचा, आणि मध्येच 'दस्त' असा एक शब्द आला तसा ख्वाजानं नकळत आपल्या हाताकडं बघितलं. शेजारच्या मुलानं पुस्तक त्याच्याकडं सरकवलं. अक्षरं ओळखीची होती, शब्द नव्हते, तरी त्यानं ते धरलं.

तास सुटल्यावर बाहेर आदगोंडा उभा होता. सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "कुठं गेलतास रं? लायब्री हुडिकली, नळ हुडिकला!"

"फारशीच्या तासाला."

"आनि आता फारशी कशाला?"

"म्हाईत न्हाय," ख्वाजा म्हणाला.

"चल, भूक लागलीया," आदगोंडा म्हणाला, आणि दोघं फाटकाकडं चालायला लागले.